नऊ सेकंदांचा तुकडा

"त्या डब्यात काय हाय?"

शाळेच्या मैदानात, कबड्डीसाठी आखलेल्या रेषेवर उकिडवा बसून मी ड्रोनची पाती पुसत होतो. मान वर केली तर समोर गणवेशातला एक जवान उभा. तिशीच्या आतला, रापलेला. उजव्या कानात कापसाचा बोळा होता आणि त्या बाजूचा गाल सुजल्यासारखा दिसत होता.

"फुलं," मी म्हणालो.

त्याला ते पटलं नसावं, म्हणून मी झाकण काढून दाखवलं. झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या गच्च भरलेल्या होत्या. लग्नात नवरानवरीच्या अंगावर वरून पाकळ्या पडतात, त्यासाठीच मी तो डबा ड्रोनच्या पोटाला बसवून घेतला होता. रिमोटवरचं बटण दाबलं की डब्याची खालची फळी उघडायची. त्यानं एक पाकळी उचलली, बोटांत चुरडली, नाकाजवळ नेली आणि टाकून दिली.

हे कुणावर टाकणार, असं त्यानं विचारलं. पार्थिवावर, मी सांगितलं, आबासाहेबांची तशी इच्छा आहे. किती खाली आणणार, असं विचारलं. पंधरा-वीस फूट, मी म्हणालो. तो थोडा वेळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बघत राहिला. तिथं विटांचा चौथरा बांधला होता आणि पोरं त्याच्याभोवती रांगोळी काढत होती.

"भाऊ," तो म्हणाला, "लांबनं काय घ्यायचं ते घ्या. पर हे अंगावर आणू नगा. आन वरनं काय टाकू नगा."

"नाही आणत," मी म्हणालो.

तो मान हलवून गेला. लष्करी शिस्तीत असलं काही बसत नसेल म्हणून सांगतोय, असं मला वाटलं. पुढं विचार केला नाही.

मी उत्तम ढाणे. भैरेवाडीपासून चार किलोमीटरवर, बाजारपेठेच्या गावात माझा फोटो स्टुडिओ होता. त्या भागात सगळ्यात आधी ड्रोन मी आणला. लग्नं, जत्रा, बैलगाड्यांच्या शर्यती, साखरपुडे, सगळीकडं मीच. भैरेवाडी म्हणजे फौजेचं गाव. घराआड एक माणूस सैन्यात. त्यातला एक नायक प्रमोद शेडगे. त्याच्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं, त्याच्या मुलीच्या बारशाचंही. आता त्याच्या अंत्ययात्रेसाठी मी मैदानात बसलो होतो.

सीमेवरच्या एका चौकीवर पलीकडून ड्रोन आला, त्यानं वरून स्फोटकं टाकली आणि प्रमोद गेला, एवढंच पेपरात आलं होतं. ती बातमी मी दुकानात बसून वाचली. ड्रोन हा शब्दही वाचला. मला काहीच वाटलं नाही. ते वेगळं, आपलं वेगळं, असंच डोक्यात होतं. लोक म्हणतात ना, सुरी ती सुरी, डॉक्टरच्या हातात वेगळी. तसं काहीतरी.

कानात बोळा घातलेला जवान म्हणजे लान्स नायक बिरदेव बंडगर. आटपाडीकडचा. प्रमोदबरोबर त्याच चौकीवर होता, आणि पार्थिवासोबत घरापर्यंत यायला त्याला पाठवलं होतं. हे मला गिरीशकडून कळलं.

गिरीश हा आबासाहेबांचा माणूस. आबासाहेब आमच्या तालुक्याचे पुढारी, त्या वर्षी विधानसभेला उभे राहणार होते. त्यांचे फोटो, व्हिडिओ, फोनवरची पानं, सगळं गिरीश बघायचा. त्यानं मला तीन गोष्टी लिहून दिल्या होत्या. उंचावरून गर्दी, आबासाहेब पुष्पचक्र वाहताना, आणि आबासाहेब हात जोडून उभे असताना पार्थिवावर पडणाऱ्या पाकळ्या. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, असं त्यानं दोनदा बजावलं.

मी त्याला बाजूला घेऊन जवानाचं बोलणं सांगितलं. गिरीशनं ते पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. परवानगी आहे, पोलिसांना विचारलंय, आबासाहेबांना शब्द दिलाय, असं सगळं त्यानं एका दमात म्हटलं. मग खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात बोलला की पुढच्या महिन्यापासून प्रचार सुरू होतोय, अख्ख्या तालुक्याचं ड्रोनचं काम कुणाला द्यायचं ते अजून ठरायचंय.

मी डब्याचं झाकण लावलं.

अकराच्या सुमारास फुलांनी सजवलेला ट्रक आला. एवढी माणसं मी भैरेवाडीत कधी बघितली नव्हती. शाळेच्या कौलांवर, चिंचेच्या झाडावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर माणसंच माणसं. पोलिसांनी चौथऱ्याच्या चारी बाजूंनी दोरी बांधून सगळ्यांना लांब ठेवलं होतं. टीव्हीचे कॅमेरेसुद्धा दोरीच्या बाहेर. आत फक्त घरचे, फौजेचे, सरकारी माणसं आणि आबासाहेब. जवळचं जे काही दिसत होतं ते वरून, फक्त मला.

प्रमोदचे वडील मारुती शेडगे स्वतः हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. त्यांनी निळा कोट घातला होता, छातीवर पदकं. त्यांचं बोट धरून प्रमोदची मुलगी मनवा उभी होती. चार वर्षांची. तिला कुणीतरी पिवळा फ्रॉक घातला होता. शुभांगी, प्रमोदची बायको, दोन बायकांच्या आधारानं बसली होती, ती वर बघतच नव्हती. बिरदेव पेटीच्या उशाशी सावधानमध्ये उभा होता.

पुष्पचक्रं वाहिली जाऊ लागली. आधी फौजेचे अधिकारी, मग तहसीलदार, मग आबासाहेब. त्यांनी चक्र ठेवलं, दोन पावलं मागं सरकले, हात जोडले, डोळे मिटले. गिरीशनं दोरीजवळून हात वर केला.

मी ड्रोन खाली आणला.

रिमोटच्या पडद्यावर मी सगळं बघत होतो. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी मोठी होत गेली. वीस फूट. वाऱ्याचा झोत आला आणि चित्र जरा हललं. बिरदेवची मान वर झाली. सावधानमधल्या माणसाची मान अशी वर होत नाही, हे मला दिसलं. मी बटण दाबलं.

तो काहीतरी ओरडला. ते मी पडद्यावर नाही, कानांनी ऐकलं, कारण मी तिथून पन्नास पावलांवर होतो. "झोपा! झोपा समदे!" आणि पाकळ्या खाली पोचायच्या आधी त्यानं तीन ढांगांत मनवाला गाठलं, तिला छातीशी घेतलं आणि जमिनीवर पालथा पडला. दोन्ही हात डोक्यामागं नव्हते, एक हात तिच्या डोक्यावर होता, एक स्वतःच्या. वरून फक्त त्याची पाठ दिसत होती. हिरवी पाठ आणि तिच्यावर हळूहळू पडणाऱ्या लाल-पिवळ्या पाकळ्या. भोवती सगळी माणसं उभी.

माझ्या ड्रोनचा आवाज तेवढा चालू होता. मग दोरीच्या मागं कुणीतरी हसलं. एकच माणूस, पण त्या शांततेत सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

तात्यांनी पुढं होऊन त्याच्या खांद्याला हात लावला. तेव्हा तो उठला. खालून मनवा निघाली, रडत, हनुवटी खरचटलेली. त्यानं तिला उभं केलं. तिच्या फ्रॉकवरच्या पाकळ्या झटकल्या, फ्रॉक खाली ओढून नीट केला, तिचं बोट तात्यांच्या हातात दिलं आणि परत जाऊन आपल्या जागी सावधानमध्ये उभा राहिला. थोड्या वेळानं बंदुकीच्या तीन फैरी झाडल्या. लहान पोरं दचकली, बायका दचकल्या, आबासाहेबांचेही खांदे उडाले. बिरदेवची पापणीसुद्धा हलली नाही. हे मी पडद्यावर बघितलं, कारण तोपर्यंत मी ड्रोन पुन्हा वर नेला होता आणि कॅमेरा त्याच्यावरच ठेवला होता.

सगळं आटोपल्यावर तो माझ्याकडं चालत आला. मला वाटलं, मारणार.

"भाऊ, तुमी म्हणाला हुता," तो म्हणाला.

वरून सांगितलं होतं, माझ्या हातात काही नव्हतं, असं मी काहीतरी पुटपुटलो. तो "व्हय" म्हणाला आणि ट्रककडं गेला.

त्या संध्याकाळी गिरीश दुकानात येऊन कार्ड घेऊन गेला. पाकळ्यांचा शॉट फुकट गेला म्हणून तो चिडला होता. कार्ड द्यायच्या आधी मी सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं होतं, ते मी नेहमीच करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुकडा सगळ्यांच्या फोनवर होता. नऊ सेकंद. गणवेशातला जवान जमिनीवर पालथा, डोक्यावर हात, अंगावर फुलं पडतायत आणि आजूबाजूला सगळे ताठ उभे आहेत. ड्रोनच्या कॅमेऱ्याला आवाज पकडता येत नाही, त्यामुळं तो काय ओरडला ते कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. आणि त्या नऊ सेकंदांत मनवा दिसत नव्हती. ती त्याच्या खाली पूर्ण झाकली गेली होती.

लोकांनी त्याला गाणी लावली. कुणी लग्नाची सनई लावली. फुलाला घाबरणारा फौजी, असं वर लिहिलं. दोन दिवसांत त्याचं नाव, गाव, सगळं लोकांनी शोधून काढलं. ह्याच्यासारख्या भित्र्यामुळंच प्रमोद मेला, असं लिहिणारेही निघाले. भैरेवाडीच्या पुढच्या रांगेतल्या माणसांनी सांगून बघितलं की अहो, त्यानं पोरीला झाकलं होतं. पण सांगणाऱ्याचं कोण ऐकतो, लोकांच्या हातात व्हिडिओ होता. आबासाहेबांच्या पानावर एक ओळ आली, शहिदाच्या अंत्यसंस्काराचं गांभीर्य सर्वांनी पाळावं. एवढंच. बोट कुणाकडं होतं ते सगळ्यांना कळलं.

तुकडा बाहेर काढला तो गिरीशनंच, असं सगळे धरून चालले. कार्ड त्याच्याकडं होतं. त्यानं दोन-चार वेळा नाही म्हटलं, मग तो विषयच टाळायला लागला.

तेराव्यानंतर तात्या माझ्या दुकानात आले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी काठी काउंटरला टेकवली आणि स्टुलावर बसले. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"उत्तम, पुढचं दाखव," ते म्हणाले.

"कसलं पुढचं, तात्या?"

"लोक बघतायत त्याच्या पुढचं. आणि त्याच्या आधीचं. तू तर सगळंच घेत होतास."

तात्या बोलत राहिले, घाई नव्हती त्यांना. बिरदेवच्या साहेबांना पत्र लिहायचं होतं. नुसत्या पत्राचा उपयोग नाही, त्यासोबत व्हिडिओ लागेल, असं ते म्हणाले. पोराला दवाखान्यात ठेवलंय, कानासाठी आणि झोपेसाठी. तो झोपत नाही. त्यात हे फोन. फौजेनं त्याला शब्दानं काही विचारलेलं नाही, पण बरोबरीची पोरं फूलवाला म्हणून हाक मारतात.

मग त्यांनी मला ते सांगितलं जे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. अंत्यसंस्कारानंतर, ट्रक निघायच्या आधी, बिरदेव त्यांच्याजवळ ओसरीवर अर्धा तास बसला होता.

"त्या दिवशी दोघं चौकीच्या बाहेर होते. कपडे वाळत घालत होते," तात्या म्हणाले. "आवाज आला. आपलाही ड्रोन सकाळी गेला होता, तो परत येतोय असं प्रमोदला वाटलं. आपलाच हाय, म्हणाला, आणि डोळ्यावर हात धरून वर बघत उभा राहिला. बिरदेव ओरडला आणि जमिनीवर पडला. प्रमोद उभाच. झालं."

त्यांनी थोडा वेळ कोटाचं बटण चाचपलं.

"तुमचं पोर मरत होतं तेव्हा मी जमिनीवर पडलो होतो, तात्या, असं त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं. लपवलं नाही. कुणी विचारलं होतं का त्याला? आणि मग म्हणाला, ह्या टायमाला मी पोरीला धरली." ते माझ्याकडं बघत होते. "मी बावीस वर्षं नोकरी केली. अशी माणसं मी दोनच बघितली. म्हणून म्हणतो, पुढचं दाखव."

काउंटरवर लॅपटॉप उघडा होता. त्यावर कुठल्याशा लग्नाचा अल्बम चालू होता. तात्यांना हवी होती ती फाईल त्यातच होती, तीन क्लिकांवर. पण ती सगळी दाखवायची म्हणजे ड्रोन कुणी खाली आणला, कुणाच्या इशाऱ्यावर आणला, आबासाहेब डोळे मिटून कशाची वाट बघत उभे होते, तेही दिसणार. आदल्याच दिवशी गिरीशचा फोन आला होता, प्रचाराचं काम पक्कं झालं म्हणून. आणि दुसरंही एक कारण होतं.

"माझ्याकडं काही नाही, तात्या," मी म्हणालो. "कार्ड गिरीशनं नेलं."

"ह्यात नसतं का?" त्यांनी लॅपटॉपकडं बोट केलं.

"नाही."

ते काठी घेऊन उठले. दारात वळून म्हणाले की शुभांगीनं सांगितलंय, बारशाचे फोटो असतील तर परत एकदा काढून दे, आधीचे पाण्यानं खराब झाले. ते मी दुसऱ्याच दिवशी पोचवले.

तात्यांनी नुसतंच पत्र पाठवलं. पुढच्या वर्षी कुणाकडून तरी कळलं की बिरदेवनं नोकरी सोडली. त्याच्या पुढच्या वर्षी तात्या गेले. आबासाहेब निवडून आले. माझं काम वाढलं. लग्नाच्या ड्रोनवरून मी फवारणीच्या ड्रोनवर गेलो, परवाना काढला, पोरांना उडवायला शिकवायला लागलो. गावोगावी लोक मला ड्रोनवाले सर म्हणतात. ती फाईल मी पुसली नाही आणि कुणाला दाखवलीही नाही. फोनमध्येही घेऊन ठेवली. फोन बदलले, ती दर वेळी नव्या फोनमध्ये आली. का, ते सांगता येत नाही.

सात वर्षांनी डाळिंबाच्या फवारणीचं काम आलं म्हणून मी आटपाडीकडं गेलो. बागेचा मालक तानाजी सरगर. सहा एकर बाग. औषध कालवून टाकी भरेपर्यंत तो माझ्याशी बोलत उभा होता. बोलता बोलता म्हणाला की बांधाच्या पलीकडं एक मिलिटरीवाला राहतो, त्याला ह्या यंत्राचा त्रास होतो. मागच्या खेपेला दुसरा ड्रोनवाला आला होता, तेव्हा हा गडी पोराबाळांना घेऊन घरात शिरला आणि दिवस मावळेपर्यंत बाहेर आला नाही. आपण आपलं काम करायचं, सरगर म्हणाला, पण आधी कानावर घातलेलं बरं.

मी नाव विचारलं.

"बिरदेव बंडगर. तुमच्या वळखीचा हाय का?"

मी त्याला म्हणालो, जरा जाऊन येतो.

घराला लागून पत्र्याची शेड होती, तिच्यात पिठाची गिरणी चालू होती. बिरदेव दळण टाकत होता. केस गेले होते, पोट आलं होतं, भुवयांवर पीठ. मी नाव सांगितलं, त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं गिरणी बंद केली. मी पुन्हा सांगितलं, उत्तम ढाणे, भैरेवाडी. ड्रोन.

"बसा," तो म्हणाला. आणि स्वतः आत जाऊन बाज उचलून आणली, अंगणातल्या सावलीत टाकली. बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

गिरणी कशी काय, असं मी विचारलं. गिरणी चालू असली की दुसरं काही ऐकू येत नाही, बरं पडतं, असं तो म्हणाला. तात्या गेल्याचं त्याला माहीत होतं. तात्या शेवटपर्यंत दर महिन्याला फोन करायचे, म्हणाला. पुढं काय करावं मला सुचेना, म्हणून मी फोन काढला आणि फाईल लावून त्याच्या हातात दिला.

त्यानं ते पूर्ण बघितलं. चहा घेऊन आलेली बायको त्याच्या मागं उभी राहून बघत होती. पडद्यावर तो धावला, पोरीला छातीशी धरलं, पडला. पाकळ्या. तात्यांचा हात. मग तो उठला आणि खालून पिवळा फ्रॉक बाहेर आला. बायकोनं पदर तोंडाला लावला. कप बाजेवर ठेवून ती आत गेली. इतकी वर्षं तिनंही फक्त ते नऊ सेकंदच बघितले होते.

"ह्याला आवाज न्हाई?" त्यानं विचारलं.

"नाही. ड्रोनला आवाज येत नाही."

"पोरगी केवढी झाली?"

"सहावीत आहे."

"हनवटीवर वण ऱ्हायला का?"

"थोडा."

त्यानं फोन मला परत दिला. हे आता सगळीकडं टाकतो, मी म्हणालो, लोकांना खरं कळेल. तो हसला नाही, रागावलाही नाही. आता कुणाला पाहिजे आहे, म्हणाला. माझ्या मंडळींच्या फोनवर तेवढं पाठवा, पोरं मोठी झाली की त्यांच्या शाळेत कुणी ना कुणी तो नऊ सेकंदांचा तुकडा दाखवणारच. मी तिचा नंबर घेतला आणि तिथंच बसून पाठवलं.

चहा संपला तेव्हा त्यानं विचारलं, "तो तुकडा तोडला कुणी, कळलं का कवा?"

आता सांगतो. त्या संध्याकाळी गिरीश यायच्या आधी मी एकटाच दुकानात बसून ते बघत होतो. पुन्हा पुन्हा बघितलं. आणि मला हसू आलं. काय करणार, आलं. आधीचं वाऱ्यानं हललं होतं म्हणून ते तोडलं. पुढचं लांबत होतं म्हणून तेही तोडलं. मधले नऊ सेकंद स्वच्छ होते. आम्हा फोटोवाल्यांचा एक ग्रुप होता, चाळीस-पन्नास जणांचा. त्यावर मी टाकलं. खाली लिहिलं, आपला ड्रोन बघून मिलिटरी झोपली. पुढं हसणारी तीन तोंडं. सकाळी उठून बघतो तर ते माझ्या सासुरवाडीहून माझ्याकडंच परत आलं होतं.

तेव्हा पुसता आलं असतं का? नसतं. पण तात्यांना पुढचं दाखवता आलं असतं.

बिरदेव उत्तराची वाट बघत होता.

"गिरीश म्हणून एक होता," मी म्हणालो. "आबासाहेबांचा माणूस."

त्यानं मान हलवली. नाव ऐकून त्याला काही वाटलं असं दिसलं नाही. मी उठलो तसा तोही उठला, बांधापर्यंत सोडायला आला. तिथं त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. हाताला पीठ होतं.

"एवढी माणसं हुती त्या दिवशी मैदानात," तो म्हणाला. "सात वरसांत तुमीच एक आला. लांबनं आला."

मी कशासाठी आलो होतो ते मी त्याला सांगितलं नाही. बांधाच्या ह्या बाजूला डाळिंबाची झाडं उंच होती, माझी गाडी आणि ड्रोन तिथून दिसत नव्हते.

सरगर वाट बघत होता. औषध कालवलेलं आहे, टाकीत फार वेळ राहिलं तर वाया जाईल आणि वाराही वाढेल, म्हणाला. मी त्याला सांगू शकलो असतो की आज नको. बॅटरी गेली म्हणू शकलो असतो. मी बॅटरी बसवली, टाकी तपासली आणि ड्रोन उचलला.

पलीकडून गिरणीचा आवाज येत होता. ड्रोन बागेच्या वर गेला तसा तो थांबला.

दुसऱ्या फेरीत ड्रोन बांधाच्या कडेनं वळला तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात ते अंगण आलं. बाज तिथंच होती, तिच्यावर दोन कप. माणूस कुणी नव्हतं. भर दुपारी दार आतून लावलेलं होतं. त्याला आता कळलं असणार.

सहा एकर व्हायला तास लागला. काम नीट झालं, थेंबसुद्धा बांधापलीकडं गेला नाही, म्हणून सरगर खूश होता. पुढची फवारणी पंधरा दिवसांनी घ्यावी लागेल, तुम्हीच या, असं तो म्हणाला आणि तारीख विचारली.

मी दिली.